तीन नंबरचं पाणी

१

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी प्रयोगशाळेतून फोन आला. तीन नंबरच्या विहिरीच्या पाण्यात इंधनाचा अंशही सापडला नव्हता.

बातमी आनंदाची होती. जिला ती कळवली गेली, तिने मात्र हातातला कप खाली ठेवला आणि विचारलं, "कुठल्या तीन नंबरच्या?"

"तुझ्याच," पलीकडून थेंब्या म्हणाला. "शून्य."

थेंब्या म्हणजे प्रयोगशाळेतला रसायनतज्ज्ञ. ड्रॉपरमधून गळावं तसा एकेक शब्द बोलायचा, म्हणून हे नाव.

"पुन्हा बघ."

"पाहिलं. शून्यच."

ती भूजल विभागात भूवैज्ञानिक होती. शहराबाहेरच्या पेट्रोल डेपोच्या आवारात चार निरीक्षण विहिरी होत्या. विहिरी कसल्या, मनगटाएवढे जाड पाइप, जमिनीत खोलवर ठोकलेले, वर लोखंडी झाकण. त्यांतलं पाणी काढून तपासायचं आणि जमिनीखाली पेट्रोल किती पसरलंय ते सांगायचं, हे तिचं काम. तीन नंबर जुन्या टाकीला अगदी खेटून होती, आणि वर्षभर एकदाही स्वच्छ निघाली नव्हती.

डेपोच्या भिंतीमागे वस्ती होती. वस्तीचा बोअर तिच्याच अहवालावरून सील झाला होता. तेव्हापासून तिथल्या बायका टँकरसमोर रांगा लावत होत्या आणि तिला 'पाणीवाली' म्हणत होत्या. पाणी तोडणारीला पाणीवाली म्हणायचं, ही वस्तीची विनोदबुद्धी. तिची सख्खी नणंद पहिल्याच गल्लीत राहायची, कडेवर दीड वर्षाचं मूल. वहिनीच्या वाट्याचे टोमणे रांगेत तीच झेलायची.

परवा सुनावणी होती. तीन नंबर स्वच्छ म्हणजे टाकीची गळती थांबली, आणि गळती थांबली म्हणजे बोअर उघडा, असा डेपोचा अर्ज होता. शून्याच्या जोरावर तो हमखास मंजूर होणार होता. त्याच संध्याकाळी ते मूल ते पाणी प्यायलं असतं.

आणि नमुना घेताना, तीन नंबरमधून नळी वर आली तेव्हा, पाणीवालीचे डोळे पेट्रोलच्या वासाने चुरचुरले होते.

ती उठून साहेबांच्या खोलीत गेली.

"शून्य आलंय ना? मग शून्य," साहेब म्हणाले. "मशीनशी काय तुझं वैर आहे?"

"मशीन खोटं बोलत नाही, साहेब. त्याला जी बाटली दिली तिच्यात शून्यच आहे. ती बाटली माझी नाही."

"आइसबॉक्सचं सील शाबूत होतं. प्रयोगशाळेने तसं कळवलंय. सील कुणी लावलं?"

"मी."

"सही?"

"माझी."

"म्हणजे बाटली बदलली असेल, तर सील लागायच्या आधी. सील लागेपर्यंत डबा कुणाच्या ताब्यात होता?" साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अगं, या हिशेबाने चोर एकच उरतो. तो आता माझ्यासमोर उभा आहे."

२

जीप चालवणारे काका विभागात सगळ्यांत जुने. पाणीवाली शेजारच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "काका, नमुने घेतले त्या दिवशीचं सगळं सांगा. मला माहीत आहे असं समजू नका."

"सांगायचं काय त्यात? तुमचं नेहमीचंच. आधी स्वच्छ विहिरी, मग घाण. तीन नंबर शेवटी."

पद्धत तशीच होती. घाण विहिरीचा थेंबही स्वच्छ विहिरीत जाऊ नये म्हणून क्रम कधी मोडायचा नाही. प्रत्येक पाइपातलं साचलेलं पाणी आधी उपसून टाकायचं, मग जमिनीतून ताजं पाणी आत आलं की तळाशी झडप असलेली लांब नळी दोरीने खाली सोडायची. ती वर घेऊन पाणी बोटभर बाटल्यांत हळूच ओतायचं. प्रत्येक विहिरीच्या दोन बाटल्या, आणि प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली नंबराची चिठ्ठी. त्या दिवशी तिने प्रयोगशाळेच्या भांडारातून मुद्दाम कोऱ्या बाटल्या घेतल्या होत्या. नेहमीच्या बाटल्यांचं या डेपोतल्या पाण्याशी जमत नाही, हे तिला आणि थेंब्याला पहिल्याच फेरीत कळलं होतं.

"तीन नंबर भरल्यावर मी कुठे गेले?"

"शेडच्या मागे. उपसलेलं पाणी पिंपात टाकायला. घाण पाणी जमिनीवर ओतायचं नाही ना."

"आणि आइसबॉक्स?"

काकांनी आरशात बघितलं. आरशात बघण्यासारखं काही नव्हतं, जीप उभी होती.

"काका."

"ताई, ऊन केवढं होतं! बर्फाचं पाणी झालेलं. मी म्हटलं, नमुने तापतील आणि बोलणी आपल्याला बसतील. उचलला आणि सावलीत नेऊन ठेवला. गुन्हा केला का मी?"

"कुणाच्या सावलीत?"

"तिथे एकच गाडी होती. तुमच्या त्या म्हाताऱ्या सरांची. माणूस लाख आहे हो. 'बर्फ वितळलाय की,' म्हणाले, आणि स्वतःच्या पेटीतला बर्फ आपल्या डब्यात घालत बसले. स्वतःच्या हाताने! मी तेवढ्यात जीप वळवून घेतली."

परत आल्यावर ताजा बर्फ बघून आपण सरांना काय म्हणालो, ते पाणीवालीला आठवत होतं. 'थँक्यू सर' म्हणून मग तिने त्यांच्यासमोरच डब्याला सील लावलं होतं.

३

दुसऱ्या दिवशी डेपोच्या मॅनेजरने तिला बसा म्हटलं नाही. ती बसली.

कोपऱ्यात विजेची किटली होती. झाकण उघडं, आतून जाड पांढरा थर.

"आमच्या किटलीत काय शोधताय?"

"किती खडू चढलाय ते बघतेय."

"इथलं पाणी म्हणजे पातळ केलेला चुना आहे बाई. प्यायला जार मागवतो आम्ही. किटलीत या पोरांनी नळाचं घातलं आणि आतून संगमरवर झाला." तो स्वतःच हसला, आणि मग हसू आवरून म्हणाला, "काय काम होतं?"

"तीन नंबरला वास होता."

"हा पेट्रोलचा डेपो आहे. गुलाबाची बाग नाही."

"नमुना घेत होते तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"इथेच. फोनवर. खिडकीतून तुमची सर्कस दिसत होती." त्याने बोट नाचवलं. "तुमच्या ड्रायव्हरने डबा उचलून नेला, तेही पाहिलंय मी. उद्या सांगेन सुनावणीत. नमुना बेवारस सोडून बाई शेडमागे!"

"सांगा की. कुठे नेला, तेही सांगा."

"ते मी कशाला बघू?"

"खिडकी मोठी आहे म्हणून विचारलं."

मॅनेजरचे कान लाल झाले. "हे बघा, स्वतःचा गोंधळ दुसऱ्याच्या माथी मारू नका. ज्या माणसाने तुम्हाला हातात नळी धरायला शिकवलं, त्याच्यावर शिंतोडे उडवताना लाज वाटायला हवी."



"मी सरांचा उल्लेखही केलेला नाही," पाणीवाली म्हणाली.

४

सर तिचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी सल्लागाराचं काम धरलं होतं, आणि या डेपोने महिन्याभरापूर्वीच त्यांना नेमलं होतं. त्या दिवशी ते डेपोतर्फे नुसते निरीक्षक म्हणून आले होते. स्वतः नमुना घेतला नव्हता. इथल्या विहिरींशी त्यांचा संबंध आला तो तेवढाच.

त्यांच्या बैठकीत खिडकीच्या कट्ट्यावर वाळूच्या बरण्या होत्या, बारीक ते जाड अशा लावलेल्या. बरण्यांवरची धूळ त्यांनी तिच्यासमोर रुमालाने पुसली.

"बस, पोरी. रागावून आलीस ना? रागात माप घेऊ नये, चुकतं."

"तुम्ही माझा आइसबॉक्स उघडलात, सर."

"बर्फ घातला. नसता घातला तर म्हणाली असतीस, सर नुसते बघत राहिले."

"तीन नंबर शून्य आलीय."

"मग शून्याचा मान राख. वर्षभर वाईट बातमी सांगायची सवय लागली, की चांगल्या बातमीचा संशय येतो. तुमच्या पिढीचं हेच आहे." ते समोर बसले. "बाटली कशी भरायची, सांग बरं."

"परीक्षा घेताय?"

"आठवण करून देतोय. तुझी चूक तुलाच सापडू दे."

तिने सांगितलं. बाटली तिरपी धरायची. काठोकाठ भरायची, वर पाण्याचा घुमट यायला हवा. झाकण लावून उलटी करायची, टिचकी मारायची. आत बुडबुडा दिसला तर बाद, कारण पेट्रोलची वाफ बुडबुड्यात शिरते आणि पाणी खोटंच स्वच्छ दिसतं.

"शाब्बास. आणि?"

"आणि बर्फात ठेवायची."

"एक राहिलं." सरांनी बोट उचललं. वर्गात उचलायचे तसंच. "बाटलीच्या तळाशी आम्लाचे दोन थेंब. पाण्यातले जंतू मरायला हवेत, नाहीतर वाटेतच पेट्रोल खाऊन टाकतात. कुठलीही विहीर असो, कुठलाही गाव. पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं मी?"

"नियमाला अपवाद नसतो."

"नसतो. आम्लाशिवाय पेट्रोलचा नमुना मी आयुष्यात भरला नाही, भरणारही नाही. तूही नाही भरणार, मला माहीत आहे. माझी विद्यार्थिनी आहेस तू."

पाणीवालीच्या जिभेवर उत्तर आलं होतं. ते तिने गिळलं, नमस्कार केला आणि चपला घातल्या.

"सुनावणीत अपमान करून घेऊ नकोस," दारातून सर म्हणाले. आवाजात खरोखर माया होती, आणि तेच तिला सहन झालं नाही.

जिन्यातच तिने फोन लावला. "थेंब्या, तीन नंबरची दुसरी बाटली?"

"थंड कपाटात. बंद. पहिली धुवायला गेली."

"तिला कुणाचा हात लागू देऊ नकोस. उद्या ती आणि बाकीच्या विहिरींच्या उरलेल्या बाटल्या घेऊन सुनावणीला ये. आणि येताना निळा लिटमस आण."

"लिटमस? शाळेतला?"

"शाळेतलाच."

मग थेंब्या पहिल्यांदाच एका दमात लांब वाक्य बोलला. "झाकण उघडलं की ती बाटली चाचणीतून बाद होते, आणि तुझा अंदाज चुकला तर तुझ्याकडे काही म्हणजे काही उरत नाही."

५

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि खुर्च्या कमी. वस्तीतल्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. नणंद सगळ्यांत पुढे, मूल कडेवर.

"आज तरी पाणी सोडशील का गं, पाणीवाले?" मागून कुणीतरी म्हणालं.

"वहिनी, ऐकू येतंय ना?" नणंद पुटपुटली. "मी रोज ऐकते."

मॅनेजरने अर्ज वाचला. साहेबांनी शून्याचा अहवाल सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंसमोर ठेवला. अधिकारी बाई कमी बोलणाऱ्या, पेनाचं टोपण बंद-उघड करणाऱ्या. त्यांनी विचारलं, "कुणाला हरकत?"

"मला," पाणीवाली उठली. "ही बाटली मी भरलेली नाही. आत्ता, तुमच्यासमोर सिद्ध करते. त्यासाठी ती उघडावी लागेल."

"बस खाली," साहेब दात आवळून म्हणाले. "पुरावा आहे तो!"

"कशाचा, तेच दाखवतेय."

अधिकारी बाईंचं टोपण थांबलं. "आधी कारण सांगा."

"डेपोतली किटली कुणी पाहिलीय? आतून पांढरी आहे. इथल्या जमिनीतल्या पाण्यात खडूच खडू आहे. खडूवर आम्ल पडलं की फेस येतो. नेहमीच्या बाटलीत तळाशी आम्ल असतं. त्यात इथलं पाणी ओतलं की ते सोड्यासारखं फसफसतं, बाटलीत बुडबुडे होतात आणि पेट्रोल वाफेवाटे निघून जातं. पहिल्या फेरीत आमचे सगळे नमुने असेच वाया गेले. तेव्हापासून या डेपोसाठी मी आम्ल नसलेल्या कोऱ्या बाटल्या वापरते. नमुना आठवड्याच्या आत तपासला तर तशी मुभा आहे."

डेपोच्या बाजूला बसलेले सर तोवर खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी मान वळवली.

"म्हणजे तुम्ही ठरलेली पद्धत मोडलीत," मॅनेजर म्हणाला.

"हो. मी मोडली, मीच सांगतेय. म्हणून माझ्या कुठल्याही बाटलीत आम्ल असणं शक्य नाही. थेंब्या, आधी एक नंबर."

थेंब्याने एक नंबरची उरलेली बाटली उघडली आणि आम्लात लाल होणाऱ्या निळ्या लिटमसची पट्टी बुडवली. पट्टी निळीच राहिली. दोन नंबर, निळी. चार नंबर, निळी.

"आता तीन."

थेंब्याने झाकण फिरवलं. पट्टी पाण्याला टेकली आणि टोकापासून लाल होत वर चढली.

"अगंबाई," नणंद म्हणाली. "शाळेतलं कामाला आलं!"

खोलीत एकच गलका झाला. अधिकारी बाईंनी टेबलावर पेन आपटलं. "कुणी बदलली?"

"ते बाटलीच सांगतेय," पाणीवाली म्हणाली. "मला बदलायची असती, तर माझ्याकडे कोऱ्या बाटल्या होत्या. आमच्या ड्रायव्हरकाकांना बदलायची असती, तर जीपमध्ये जास्तीच्या पडल्या होत्या, त्याही कोऱ्याच. थेंब्याने तर त्या मला स्वतः काढून दिल्या. मॅनेजरसाहेबांकडे बाटलीच नाही, आणि बुडबुडा न ठेवता ती भरता यायला सरावाचा हात लागतो. ज्याने बदलली तो घरूनच शुद्ध पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन आला आणि आमच्या चिठ्ठ्या सोडून त्यांच्या गळ्यात बांधल्या. शुद्ध पाण्यात खडू नसतो, त्यामुळे आम्ल असूनही फेस आला नाही, आणि त्याला काही कळलं नाही. मला आणि थेंब्याला माहीत असलेली गोष्ट त्याला माहीत नव्हती. त्याच्या दृष्टीने आम्लाशिवाय नमुना असूच शकत नाही." ती सरांकडे वळली. "सील लागायच्या आधी आइसबॉक्समध्ये एकाच माणसाने हात घातला. बर्फ घालायला."

सर सावकाश उठले. चेहऱ्यावर राग नव्हता. चुकलेलं गणित फळ्यावर बघावं तसे ते त्या लाल पट्टीकडे बघत होते.

"मांडणी चांगली केलीस," ते म्हणाले. "पण पोरी, कागद लाल झाला. त्यावर माझं नाव उमटलं का?"

"नाही, सर."

"मग?"

"मग बोअर आज उघडत नाही. नावाचं नंतर बघू."

सरांनी छत्री उचलली. दाराशी उभ्या बायकांनी त्यांना वाट दिली, पण थोडीच; त्यांना अंग चोरून बाहेर जावं लागलं.

अधिकारी बाईंनी दोन ओळींचा आदेश दिला. बोअर बंदच राहील. तीन नंबरचा नमुना उद्या सकाळी सगळ्यांसमक्ष पुन्हा घेतला जाईल.

६

सकाळी पाणीवाली, थेंब्या आणि अधिकारी बाई डेपोत पोहोचले. तीन नंबरचं लोखंडी झाकण उघडलं. आत पाइप नव्हता. होतं ते राखाडी, गुळगुळीत, अजून ओलसर सिमेंट.

"पाइपाला तडा गेला होता," मॅनेजर म्हणाला. "उगाच धोका नको म्हणून बुजवली. तुमच्याच सुरक्षिततेसाठी."

"आदेश काल निघाला," अधिकारी बाई म्हणाल्या.

"आमच्यापर्यंत आज पोहोचला."

थेंब्याने हातातल्या कोऱ्या बाटल्या पुन्हा खिशात घातल्या. साहेबांचा फोन आला. पाणीवालीने स्पीकर लावला. "विहीरच नाही तर नमुना कसला? परत ये आता. पुरे झालं."

"साहेब, पाइप बुजला. जमिनीखालचं पाणी बुजलेलं नाही. ते भिंत ओलांडून उताराने वस्तीकडेच जातं, त्याला गेटपास लागत नाही. भिंतीच्या बाहेरचा रस्ता कुणाचा आहे?"

"सरकारी."

"मग नवी विहीर तिथे खणते."

"परवानगी?"

पाणीवालीने अधिकारी बाईंकडे पाहिलं. त्यांनी टोपण उघडलं, आदेशाखाली एक ओळ वाढवली आणि सही करून कागद तिच्या हातात दिला.

ड्रिलिंगची गाडी दुपारी आली. काकांनी जीप रस्त्यावर आडवी लावली आणि बॉनेटवर बसून राहिले. भिंतीवरून मॅनेजरचं डोकं दोनदा वर आलं आणि दोनदा खाली गेलं. वस्तीतल्या बायका टँकरची रांग सोडून येऊन उभ्या राहिल्या. रिकामे हंडे त्यांनी रस्त्याच्या कडेला ओळीने मांडले. गाडी हलवा म्हणायला आलेल्या डेपोच्या पहारेकऱ्याला त्या ओळीतून वाट मिळेना.

"बाई, हंडे बाजूला घ्या."

"तूच घे," नणंद म्हणाली. "हात लाव बघू."

त्याने हात लावला नाही.

सरांबरोबर शिकवलेल्या दोन शिक्षकांनी त्याच दुपारी पाणीवालीला फोन करून विचारलं, की सरांबद्दल जे ऐकतोय ते खरं आहे का. तिने दोघांनाही एकच सांगितलं: पट्टी लाल होती. सर घरी नव्हते. त्यांच्या दाराला कुलूप होतं.

शेवटची खबर साडेचारच्या सुमाराची आहे. ड्रिल खाली उतरत होतं आणि सुक्या मातीच्या जागी ओला काळपट गाळ वर येऊ लागला होता. नणंदेने वाकून मूठभर गाळ उचलला, नाकाशी धरला आणि मूल चटकन दुसऱ्या कडेवर घेतलं.

"वहिनी, तू बघ. येतोय का वास?"

"वास हा पुरावा नाही," पाणीवाली म्हणाली आणि कोऱ्या बाटलीच्या गळ्यात चिठ्ठी बांधू लागली. चिठ्ठीवर तिने पाच हा आकडा घातला होता. छिद्रात पाणी अजून वर आलेलं नव्हतं.